हेळव्याच्या वहीत नसलेल्या बायका

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं.)

मी माढ्याची. माढा म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं माढा. निवडणुकीत टीव्हीवर नाव ऐकलं असेल, नाहीतर कुर्डुवाडी स्टेशनवर गाडी थांबते तेव्हा पाटी पाहिली असेल. ते कुर्डुवाडी आमच्याच तालुक्यात. मी पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सचं काम करते. डॉक्टर नाही, नर्स नाही. हे आधीच सांगते, कारण पुढची वीस मिनिटं मी जीन, म्युटेशन, रिपोर्ट असं बोलणार आहे आणि कुणीतरी म्हणेल, ही कोण शहाणी? मी फक्त अशा घरातली मुलगी आहे, जिथे हे सगळं एकदम दारात आलं.

सुरुवात हेळव्यापासून करते. शहरातल्या पोरांना हेळवी माहीत नसेल. आमच्याकडे सुगीनंतर हेळवी येतो. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता आमचा टेम्पोने येतो. त्याच्याकडे घराण्याची वही असते. ओट्यावर बसतो आणि पणजोबा, खापरपणजोबा, कोण कुठल्या गावाहून आलं, कुणाला किती मुलगे, सगळं घडाघडा म्हणतो. आपण धान्य द्यायचं, पैसे द्यायचे, वर्षभरात जन्मलेल्या मुलाचं नाव लिहून घ्यायचं. लहानपणी मला हा माणूस जादूगार वाटायचा.

तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात काउन्सेलर मॅडम माझ्यासमोर कोरा कागद घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आईच्या बाजूच्या तीन पिढ्या सांगा." मला पहिला हेळवीच आठवला. आणि दुसऱ्या मिनिटाला कळलं, की हेळव्याच्या वहीत त्यांना हवी असलेली एकही व्यक्ती नाही. कारण त्यांना हव्या होत्या बायका. आज्जी, आज्जीच्या बहिणी, मावश्या. आमच्या हेळव्याच्या वहीत मुलगे आहेत. लेकी नाहीत.

आता घरची गोष्ट.

माझ्या आईची आई, म्हणजे माझी आज्जी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली. कशाने? घरात उत्तर ठरलेलं: "पोटात पाणी झालं." मावशीला एकोणचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. ती गेली तेव्हा मी आठवीत होते. तेव्हा सगळे म्हणाले, बिचारीचं नशीब. मग आईला सत्तेचाळिसाव्या वर्षी गाठ लागली. तेव्हा मात्र नशीब हा शब्द कुणाच्या तोंडून निघेना.

आईचं ऑपरेशन झालं, किमो सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, जीनची टेस्ट करून घ्या. आम्ही केली. रक्त घ्यायला माणूस आला, एका फॉर्मवर सही घेतली, गेला. काय तपासणार, काय निघू शकतं, निघालं तर पुढे काय, कुणी काही बोललं नाही. आम्हीही विचारलं नाही. महिन्याभराने आईच्या फोनवर व्हॉट्सॲपला पीडीएफ आली. मी तेव्हा माढ्यात होते, टेंभुर्णी रोडला उसाच्या ट्रॉलीमागे गाडी अडकलेली. तिथेच उघडली. चौदा पानं इंग्रजी. एका चौकटीत लाल अक्षरांत बीआरसीए-टू, आणि पुढे पॅथोजेनिक. मी तो शब्द गुगल केला. मंडळी, एवढीच विनंती करते: तो शब्द रस्त्यात, एकट्याने, गुगल करू नका.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात मी मेलेच होते. आईला वाटलं तिने आम्हाला काहीतरी वाईट दिलं. ती रडत म्हणाली, "माझ्यामुळं झालं बघ पोरांनो." आणि वडील गप्प. हे सगळं झालं ते टेस्टमुळे नाही. टेस्टच्या आधी बोलणारं माणूस नव्हतं म्हणून.

म्हणून काउन्सेलिंग. जेनेटिक काउन्सेलिंग हा शब्द आपल्याकडे बहुतेकांनी सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवरच वाचलेला असतो. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली जे नोंदणी प्रमाणपत्र लावतात, त्यात हा शब्द आहे. त्यामुळे आमच्या मामाला वाटलं, हे काहीतरी गरोदर बायकांचं असणार. तसं नाही. इथे काउन्सेलर तुमच्या घराण्याचा नकाशा काढते, टेस्टची गरज आहे का ते सांगते, टेस्ट कुणाची आधी करायची ते ठरवते, आणि रिपोर्ट आल्यावर त्याचा अर्थ तुमच्या भाषेत सांगते. निर्णय मात्र तुमचाच.

आमच्या मॅडमनी कागदावर पुरुषाला चौकोन काढला, बाईला गोल. ज्याला कॅन्सर झाला तो आकार भरून काळा केला. जो वारला त्याच्यावर तिरपी रेघ. मग एकेकाबद्दल तीन प्रश्न: कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी, आणि ऑपरेशनचे कागद आहेत का. "पोटात पाणी" ऐकल्यावर त्या थांबल्या. म्हणाल्या, अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पोटात पाणी होतं. कागद नाही म्हणून खात्रीने सांगता येणार नाही, पण या नकाशात ते बसतं. मी त्या कागदाकडे बघत राहिले. एका रेषेत तीन गोल. दोन काळे, आणि वरच्या आज्जीच्या गोलात प्रश्नचिन्ह. तीस वर्षं घरात बोललेल्या गोष्टी पहिल्यांदा एका जागी दिसल्या.

हे काम नवीन नाही बरं का. अमेरिकेत मिशिगनमध्ये १८९५ साली एक शिवणकाम करणारी बाई वॉर्थिन नावाच्या डॉक्टरला म्हणाली होती, की मी लवकर मरणार, आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात. डॉक्टरने हसण्यावारी नेलं नाही. तिच्या घराण्याची वंशावळ काढली, १९१३ मध्ये छापली. ती बाई खरंच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. पुढे हेन्री लिंच नावाच्या डॉक्टरांनी अशा घराण्यांवर आयुष्यभर काम केलं, म्हणून त्या आजाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. जीन सापडायला शंभर वर्षं लागली, पण त्या बाईला ते आधीच माहीत होतं. आपल्या आज्ज्यांनाही माहीत असतं. आपण विचारत नाही.

आता थोडं सायन्स, सोप्यात सांगते.

पहिलं, बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात. शंभरातले साधारण पाच ते दहा असतात. आपल्या भागात तंबाखू, गुटखा, मिश्री यांनी होणारे तोंडाचे कॅन्सर, एचपीव्ही विषाणूमुळे होणारे गर्भाशयाच्या तोंडाचे कॅन्सर, ते या गोष्टीतले नाहीत. तेव्हा घरात कुणा एका आजोबांना सत्तराव्या वर्षी कॅन्सर झाला म्हणून लगेच टेस्टला पळू नका.

दुसरं. बीआरसीए-वन आणि टू हे जीन वाईट नाहीत. ते प्रत्येकात असतात. पेशीतला डीएनए तुटला की जोडायचं काम करतात, गावातल्या वेल्डरसारखं. बीआरसीए-वन सतराव्या गुणसूत्रावर आहे हे १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवलं, १९९४ मध्ये तो जीन प्रत्यक्ष सापडला आणि १९९५ मध्ये टू. काही घराण्यांत या जीनची एक प्रत जन्मापासून बिघडलेली असते. मग वेल्डर कमी पडतो.

तिसरं, आकडे. २०१७ मध्ये छापलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, बिघडलेली बीआरसीए-वन असलेल्या शंभर बायकांपैकी वयाच्या ऐंशीपर्यंत साधारण ७२ जणींना स्तनाचा आणि ४४ जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो असं दिसलं. टू असेल तर ६९ आणि १७. हे आकडे मुख्यतः बाहेरच्या देशांतल्या घराण्यांवरचे आहेत. आणि नीट ऐका, ६९ म्हणजे १०० नाही. रिपोर्ट म्हणजे कॅन्सर नाही. रिपोर्ट म्हणजे आधी मिळालेली सूचना.

चौथं, आणि हे आमच्या घरात सगळ्यात जास्त भांडणाचं ठरलं. हा बदल आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक वेळी पन्नास टक्के. नाणं उडवल्यासारखं. पुरुषांमध्ये बीआरसीए-टूमुळे प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा, आणि हो, पुरुषांच्या स्तनाचाही कॅन्सर होऊ शकतो. आणि पुरुषाला स्वतःला काहीही न होता तो बदल त्याच्या मुलीकडे जाऊ शकतो.

म्हणजे मामा.

माझ्या मामाला तीन मुली. त्यातली मधली माझ्या भावाला द्यायची हे आम्ही शाळेत होतो तेव्हापासून ठरलेलं. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या लोकांना हे समजावून सांगायला नको, मामाची पोर म्हणजे हक्काची. दोघांनाही ते मान्य होतं. खरं सांगायचं तर दोघांचं आधीपासूनच जमलं होतं. दिवाळीनंतर सुपारी फुटणार होती. आणि मध्येच हा रिपोर्ट.

काउन्सेलर मॅडमनी नकाशावर भावाचा चौकोन आणि मामाच्या मुलीचा गोल यांच्यात पेन्सिलने रेघ ओढली आणि हळू सांगितलं. एक बिघडलेली प्रत असेल तर वाढलेला धोका, तोही मोठेपणीचा. पण नवरा आणि बायको दोघांकडे बीआरसीए-टूची बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक बाळाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता चारात एक. आणि तसं झालं तर लहानपणीच फॅन्कोनी ॲनिमिया नावाचा गंभीर आजार होतो, रक्त तयार करणारा अस्थिमज्जाच थकतो. आई बाहेर बाकड्यावर बसली होती. मी मनात म्हटलं, हे तिला आत्ता कळायला नको.

मॅडम पुढे म्हणाल्या, "लग्न मोडा असं मी सांगत नाही. ते माझं काम नाही. आधी तुमच्या भावाची टेस्ट करू. त्याच्यात नसेल तर हा प्रश्नच संपला."

इथे एक कामाची गोष्ट. घरात पहिली टेस्ट शक्यतो ज्याला कॅन्सर झालाय त्याची करायची. तिथे नेमका बदल सापडला की बाकीच्यांची फक्त त्या एका ठिकाणची तपासणी करायची असते. ती मोठ्या पॅनेलपेक्षा बरीच स्वस्त पडते. उलट, घरात बदल सापडलेलाच नाही आणि निरोगी माणसाने जाहिरात बघून लाळेचं किट मागवलं, तर निगेटिव्ह रिपोर्टचा फार अर्थ लागत नाही. आणि एक तिसरा निकाल असतो, व्हीयूएस. म्हणजे बदल दिसतोय, पण तो वाईट आहे का हे आज विज्ञानाला माहीत नाही. व्हीयूएस बघून कुणी ऑपरेशन करायचं नसतं. पुढे माहिती वाढली की त्याचा अर्थ बदलू शकतो, म्हणून अधूनमधून विचारत राहायचं.

भाऊ आणि मी एकाच दिवशी रक्त दिलं. कुर्डुवाडीहून सकाळची हुतात्मा पकडून रिपोर्ट घ्यायला आई आमच्याबरोबर आली. या वेळी पीडीएफ फोनवर येऊ दिली नाही. खोलीत बसून ऐकलं.

भाऊ निगेटिव्ह. मी पॉझिटिव्ह.

आईने आधी माझा हात धरला की भावाचा, मला आठवत नाही. मला एवढं आठवतं, की मला भावाचा राग आला. अर्धा मिनिट, पण आला. आणि त्याला माझ्याकडे बघवेना. मॅडम म्हणाल्या, हे दोन्ही बाजूंनी होतं, ज्याला नाही त्यालाही अपराधी वाटतं. ते बोलून दाखवलं म्हणून आम्ही बहीणभाऊ राहिलो, असं मला वाटतं.

आता मी काय करते? दरवर्षी एकदा स्तनांची एमआरआय. तीस झाल्यावर मॅमोग्राफीही सुरू होईल. मुलंबाळं झाल्यावर, चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान अंडाशय आणि नळ्या काढायचं ऑपरेशन, त्याने तो धोका खूपच कमी होतो. स्तन काढायचं ऑपरेशन हाही पर्याय आहे. अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये वर्तमानपत्रात लिहून सांगितलं होतं, तिच्यात बीआरसीए-वन होता. मी ते अजून ठरवलेलं नाही, आणि कुणी घाईही केलेली नाही. पीएआरपी इनहिबिटर नावाची औषधं याच बिघाडावर चालतात, म्हणून आईच्या डॉक्टरांनाही तिचा रिपोर्ट कामाचा आहे.

आता राहिला मामा. भाऊ निगेटिव्ह, म्हणजे पुढच्या बाळाचा फॅन्कोनीचा प्रश्न संपला. पण मामाच्या तीन पोरींचा स्वतःचा प्रश्न तसाच. हॉस्पिटलने नातेवाइकांसाठी एक पत्र दिलं होतं, आमच्या घराण्यात हा बदल आहे, तुम्ही तपासून घेऊ शकता, असं. मी ते मराठीत लिहून मामाकडे नेलं.

मामा म्हणाला, "मला काय धाड भरलीय? बाप्याला असलं काय हुतंय व्हय?" मी सांगितलं, होतं. मग म्हणाला, "पोरींची लग्नं व्हायची हैत. गावात कळलं तर कोण करील? तू शिकलीस, तुला काय कळंना का?" आणि पत्र घडी करून देव्हाऱ्यात फोटोमागे ठेवलं. माढेश्वरीच्या फोटोमागे. चार महिने ते तिथेच होतं.

त्या चार महिन्यांत मला झोप नव्हती. मधली बहीण सज्ञान, माझी होणारी वहिनी, रोज रील पाठवणारी. तिला सांगायचं? मामाच्या पाठीमागे? तिला कळून घ्यायचंच नसेल तर? न कळण्याचाही हक्क असतो, हे मला मॅडमनी शिकवलं होतं. मामाची भीतीही खोटी नव्हती. आमच्याकडे "त्यांच्या घरात रोग आहे" एवढं वाक्य तीन पोरींचं आयुष्य अडवायला पुरतं. मी मामाला दोष देणार नाही. बाप होता तो.

मला रस्ता दाखवला बार्शीने. आमच्या तालुक्याला लागूनच बार्शी. तिथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि १९८७ पासून तिथे कॅन्सरची नोंदणी चालते. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत माणसं फिरली, लोकांना गोळा करून कॅन्सरची लक्षणं सांगितली. आणि काही वर्षांतच दिसलं, की गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. नवं औषध नाही, नवं मशीन नाही. नुसतं बोलण्याने. आमच्याच मातीत, पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी.

मी मामाला हे सांगितलं नाही. आईने सांगितलं. किमोनंतर परत आलेले आखूड केस, डोक्यावर पदर, बार्शीला तपासणीला जाताना वाटेत भावाच्या घरी थांबली. म्हणाली, "आईचं पोट फुगलं तवा आपण देवरुषी केला. थोरलीची गाठ तिनं सहा महिने लपवली, का तर पोरगी उजवायची हाय. आता तुझ्या पोरींचं काय लपवतोस?" मामा काही बोलला नाही. महिन्याने त्याने मला फोन केला, "ती हुतात्मा किती वाजता असतीय गं?"

मामाची टेस्ट पॉझिटिव्ह आली. त्याची प्रोस्टेटची पीएसए तपासणी केली, ती ठीक आहे, आता दरवर्षी करायची. संध्याकाळी त्यानेच तिन्ही पोरींना बसवून सांगितलं. धाकटी सतरा वर्षांची, तिची टेस्ट आत्ता करायची नाही. मोठेपणी होणाऱ्या आजारासाठी लहान मुलांची टेस्ट करत नाहीत, ती अठरा झाल्यावर तिचं ती ठरवेल. थोरल्या दोघींचं काय झालं? ते मी सांगणार नाही. त्यांचे रिपोर्ट त्यांचे आहेत. लग्न मात्र झालं. मी करवली होते.

ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. मुंबईत टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्सचं काम चालतं, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्येही. पुण्यातल्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत काउन्सेलर आहेत. कुठेही जा, पण टेस्टच्या आधी काउन्सेलिंग मागा, रिपोर्ट समोर बसून घ्या. विम्याची भीती असेल तर, २०१८ मध्ये विमा नियामक आयआरडीएने कंपन्यांना सांगितलंय, की नव्या आरोग्य विम्यात जनुकीय आजार वगळायचे नाहीत आणि त्या कारणाने दावा नाकारायचा नाही. पण फॉर्मवर विचारलेलं खरं लिहा.

आणि कुणी जायचं? एकाच बाजूच्या दोन-तीन जवळच्या नातेवाइकांना स्तन, अंडाशय, आतडं, गर्भाशय असले कॅन्सर. पन्नाशीच्या आत झालेला कॅन्सर. अंडाशयाचा कॅन्सर एकीलाही. पुरुषाच्या स्तनाचा कॅन्सर. एकाच माणसाला दोन वेगळे कॅन्सर. यातलं काही असेल तर विचारा.

या वर्षी हेळवी आला तेव्हा आई ओट्यावर होती. ती म्हणाली, आमच्या लेकींची नावं लिही. तो हसला, म्हणाला, "आक्का, वहीत लेकींची रीत न्हाई." आईने त्याला ज्वारी दिली, चहा दिला, आणि आत जाऊन माझी जुनी शाळेची वही काढली. त्यात तिने आज्जीपासून सुरुवात केलीय. नाव, माहेर, काय झालं, कितव्या वर्षी. आज्जीच्या दोन बहिणींची नावं तिला आठवेनात, म्हणून तिने करमाळ्याच्या एका म्हाताऱ्या मामीला फोन लावला. एकीचं सापडलं.

हा भाग संपला की तुम्हीपण एक फोन लावा. आईला, आज्जीला, आत्याला. "आपल्यात कुणाकुणाला काय झालं होतं गं?" एवढंच विचारा. आणि लिहून ठेवा.

काळजी घ्या.